गोंड्यातला गळ

२९ ऑगस्ट

सभेची वही वेगळी आणि ही वेगळी. सभेच्या वहीत ठराव लिहून खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे असतात, म्हणून तिच्यात खरं लिहिता येत नाही. ही वही फक्त माझी.

आज शिरूरच्या बाजारात पोळ्याचे गोंडे घेऊन बसले होते. आमच्या बचत गटाचा हा दरवर्षीचा धंदा. मी अध्यक्ष, म्हणून बाजारात मीच बसते. बाकीच्यांना गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. (सुरेखाला येतं, पण ती हसून बोलते आणि मग गिऱ्हाईक हलत नाही.)

दुपारी एक तिशीतला पोरगा आला. डोक्यावर उलटी टोपी. मोठे गोंडे सोडून त्याने शिंगांना बांधायचे बारके गोंडे निवडायला घेतले. एकेक ओढून पाहिला आणि मग एक चक्क बाटलीतल्या पाण्यात बुडवला.

"रंग जातो का काकू?"

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. काकू म्हणायचं काही कारण नव्हतं.

"बैलाला पोहायला नेणार का?" मी विचारलं.

"बैलाला न्हाई. माशासाठी पायजेत."

पोरगा तेलगावकडचा, नाव रविराज. नोकरीला म्हणून कोकणात गेला आणि आता तिथेच खाडीच्या तोंडाशी त्याचं गळ-दोऱ्यांचं दुकान आहे. पुण्या-मुंबईची हौशी माणसं तिथे येतात आणि समुद्रात गळ टाकून बसतात. जिताडा, तांबोशी, रावस, सुरमई, असले ताकदीचे मासे. गळाला खरं खाणं लावत नाहीत. शिशाचं डोकं असलेल्या गळावर केसांचा झुबका बांधायचा, तो पाण्यात हलला की मोठ्या माशाला वाटतं बारका मासा पळाला. असे झुबके बाहेरच्या देशातून येतात आणि दोन दिवसांत सुटतात.

"तुमच्यासारखी गाठ मी कुटंच बघितली न्हाई," असं तो म्हणाला. काकू म्हटलेलं मी माफ केलं.

तो गळ पाठवणार, आम्ही साठ नग बांधून द्यायचे. पसंत पडले तर हंगामभर काम.

३१ ऑगस्ट

सभा घेतली. साखराबाई (यांची मेंढरं आहेत, गोंड्याची लोकर यांच्याकडूनच येते), छबूमावशी, सुरेखा आणि मी. बाकीच्या खुरपायला गेल्या होत्या.

समुद्र कोणीच पाहिलेला नाही. मी पाहिला आहे, पण एसटीतून, आणि तेव्हा मला मळमळत होतं. तरी त्या अनुभवाच्या आधारे मी सगळ्यांना माहिती दिली.

छबूमावशी माळकरी. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "माशाला फसवायचं? खोटं खाऊ दाखवून? मला न्हाई जमायचं बाई." आणि भिंतीशी जाऊन बसल्या. घरी मात्र गेल्या नाहीत.

सुरेखाने विचारलं, "ताई, हंगामभर म्हंजी दिवाळीनंतर बी का?"

मी म्हटलं, हो. ती बोटांवर महिने मोजायला लागली. दिवाळी झाली की आमच्या गल्लीतली सात घरं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्यालाच परत येतात. सुरेखा आणि तिचा नवरा प्रविण दरवर्षी जातात. त्यांची सायली आजीजवळ राहून शाळा शिकायची, पण आजी उन्हाळ्यात वारली. सायली नववीत आहे. आता ठेवायची कोणाजवळ हा प्रश्नच आहे.

आमची गिरणी आहे म्हणून आम्ही जात नाही. त्या महिन्यांत गल्लीत शांतता असते. मी घराची साफसफाई करून घेते. गेल्या हंगामात नऊ वेळा केली.

६ सप्टेंबर

गळ आले. साखराबाई म्हणाल्या, "लोकर नगं. लोकर पाणी पिती. बोकडाचा केस घ्या, त्यो पीत न्हाई."

मी म्हटलं, लोकर मऊ असते, माशाच्या तोंडाला बरी. शेवटी अध्यक्षाला निर्णय घ्यावा लागतो. लोकर.

८ सप्टेंबर

हौदात चाचणी घेतली. लोकरीचा झुबका भिजलेल्या घोंगडीसारखा तळाला जाऊन बसला. हलवला तरी हलेना. साखराबाई हौदात वाकून पाहत राहिल्या, हे बोलण्यापेक्षा वाईट.

मी पूर्ण विचार करून ठरवलं की बोकडाचे केस वापरायचे.

साखराबाईंच्या मोठ्या बोकडाची पाठ आणि शेपूट कातरली. बोकड दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

११ सप्टेंबर

गाठीवर नखाला लावायचं पॉलिश लावलं की गाठ पाण्यात सुटत नाही, असं रविराजने फोनवर सांगितलं. आमच्या यांना शिरूरहून दहा बाटल्या आणायला सांगितल्या. हे घरी येऊन पिशवी आपटून म्हणाले, "दुकानदार इचारतो, सोमनाथराव, एवढं कुणासाठी? मी म्हणलं, माशासाठी. त्यानं पुढं काही इचारलं न्हाई. गिरणीत येतो त्यो माणूस दर आठवड्याला. आता काय तोंड दाखवू?"

आणलेले सगळे गुलाबी. यांना रंग निवडता येत नाही.

१५ सप्टेंबर

साठ नग तयार. मी प्रत्येक नगात स्वतः सुधारणा केली. गळाचं टोक उघडं दिसत होतं, कोणाच्या हाताला लागलं म्हणजे? म्हणून टोकावरही एक छोटा गोंडा बसवला. गळ आता अजिबात दिसत नाही. डोळ्यांच्या जागी टिकल्या लावल्या. सुरेखा म्हणाली, "ताई, मग मासा अडकणार कशाला?" मी म्हटलं, ते त्या पोराचं काम. आपण आपलं काम नीट करायचं.

कुरिअरने पाठवले.

१८ सप्टेंबर

शिल्लक ठेवलेल्या नमुन्यांतले तीन कमी भरले. उंदीर असावा. हे हल्ली संध्याकाळी पाझर तलावाकडे फिरायला जातात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली करून येतात. काल जेवताना एकदम म्हणाले, "तळ्यातली मरळ मासळी केवढाली असती म्हाइतय का तुला?" मी म्हटलं, मला काय करायचं. तर दोन्ही हात पसरून दाखवत बसले. भाजी थंड झाली.

२० सप्टेंबर

रविराजचा निरोप: "काकू, लई सुंदर झालेत. गिऱ्हाइकं हातात घेऊन बघतच बसतात. एकाने गाडीच्या आरशाला लावला. फक्त गळाचं टोक उघडं ठेवता आलं तर मासे पण धरता येतील."

सभेत पहिली दोन वाक्यं वाचून दाखवली. पुढचं सुरेखाने माझ्या खांद्यावरून वाचलं. साखराबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मलाही शेवटी थोडं हसू आलं, पण ते सभेच्या वहीत घेतलं नाही.

आता शंभर नग, टोक उघडं ठेवून. टिकल्या मात्र असू द्या म्हणाला. तांबोशीला चमक आवडते म्हणे. हे मला आधीच वाटलं होतं.

२३ सप्टेंबर

आज छबूमावशींनी विषय काढला. एवढाले मासे धरून ते लोक खातात तरी किती? मी रविराजला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

तो म्हणाला, "खात न्हाईत मावशी. फोटू काढत्यात अन् सोडून देत्यात."

"धरून सोडून देत्यात?"

"हो."

"मग धरत्यात कावून?"

मग रविराज म्हणाला, "झुंज असती मावशी. जिताडा पाण्याच्या वर उडी मारतो. त्यो हिसका हाताला बसला की माणूस येडा होतो."

"माणसाचा खेळ होतो, अन् माशाचा जबडा फाटतो," छबूमावशी म्हणाल्या. मी फोन ठेवला.

पण मग त्या भिंतीपासून सरकत येऊन पुढे बसल्या, एक गळ उचलून उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "ह्ये टोकापाशी उलटं काय हाय?" सुरेखाने सांगितलं की तो उलटा काटा, घुसला की मागे निघत नाही, म्हणून मासा सुटत नाही. मावशी "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, उद्यापासून मीबी बांधीन, पण माझी पक्कड मी घरून आणीन.

त्यांचा विरोध मावळला. अध्यक्षाने धीर धरला की असं होतं.

२७ सप्टेंबर

पप्पू मुकादम नावं लिहून न्यायला आला होता. दारोदार फिरला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नाही म्हणाली तर नवऱ्याला जोडीदार शोधावा लागतो, नाहीतर पप्पू नाव लिहीत नाही. प्रविण म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांब."

संध्याकाळी सुरेखा आली. मी झुबके रंगात बुडवत होते. तिने विचारलं, "ताई, तू सांग. थांबू का?"

मी म्हटलं, "ऑर्डर पक्की नाही. अध्यक्षाने कोणाच्या घरात बोलू नये. जायचं तर जा, गटाने कोणाला बांधून ठेवलेलं नाही."

ती म्हणाली, "मी अध्यक्षाला न्हाई इचारलं," आणि निघून गेली. चहा तसाच राहिला.

मी बरोबरच बोलले. उद्या ऑर्डर आली नाही तर माझ्या शब्दावर थांबलेल्या बाईने काय करायचं? हे मला म्हणाले, "तिच्याबिगर करमत न्हाई म्हण की सरळ. कावून एवढं गुंडाळतीस?" यांना गटाच्या कामातलं काही कळत नाही.

३० सप्टेंबर

शंभर नग पाठवले. सुरेखा कामाला येते, पण साखराबाईंच्या पलीकडे बसते. मला काही सांगायचं असेल तर साखराबाईंना सांगते. साखराबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे हिरवा म्हटलं की पिवळा पोचतो. आजचे बारा पिवळे झाले.



१ ऑक्टोबर

घात झाला. उरलेले गळ मोजताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. उलटा काटाच नाही! एकेक पाहिला. सगळ्यांचे काटे पकडीने दाबून सपाट केलेले.

छबूमावशींकडे धावले. त्या दारात शेंगा फोडत होत्या. अजिबात न लाजता म्हणाल्या, "मीच दाबले. पाठवल्याले शंभरबी दाबले. मासा अडकला तर अडकू दे, पण निघताना जबडा फाटू ने. मी माळ घालून असलं काम करते तर एवढं तर मला करू दे."

मी ओरडले. अध्यक्ष म्हणूनही ओरडले आणि तशीही ओरडले. पार्सल आता कोकणात पोचलं असणार. सगळे मासे निसटणार, गिऱ्हाइकं शिव्या देणार, ऑर्डर गेली. सायलीची शाळा गेली. मावशींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि त्यांचा चेहरा एकदम बारीक झाला. "सायलीचं माझ्या ध्यानातच न्हाई आलं बाई," म्हणाल्या. मग मला पुढे ओरडता येईना.

घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "व्हय, काटा दाबला की पटकन सुटतात. माझीबी दोनदा सुटली." यांची काय सुटली ते विचारायचं राहून गेलं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

रविराजला माफीचा निरोप लिहायला बसले. पाच वेळा लिहून पुसला. चूक छबूमावशींची आहे असं लिहिलं, मग खोडलं. त्यांनी पाप टाळायला केलं असं लिहिलं, तर धंद्याच्या निरोपात ते बरं दिसेना. शेवटी लिहिलं, "गळाच्या काट्यात आमच्याकडून बदल झाला आहे, जबाबदारी माझी आहे." पाठवायचं बटण दाबवेना. हे आले आणि मागून हात घालून दाबून टाकलं.

५ ऑक्टोबर

निरोपाला उत्तर म्हणून एक व्हिडिओ आला. सगळ्यांना बोलावलं. सुरेखाही आली. फोन तिने धरला.

खडकावर एक माणूस उभा. काठी इतकी वाकली की आता मोडते असं वाटलं. माणूस मागे-पुढे पळतोय, कोणीतरी ओरडतंय. मग पाण्यातून लालबुंद मासा वर आला. तांबोशी. वासराच्या तोंडाएवढं डोकं, आणि जबड्यात आमचा हिरवा झुबका, टिकलीसकट!

साखराबाई म्हणाल्या, "गाठ बघा, गाठ! जरा बी हालली न्हाई."

माणसाने दोन बोटांत गळ धरून नुसता मागे ओढला आणि तो निघाला. रक्त नाही, काही नाही. मासा पाण्यात धरला, तो क्षणभर तसाच तरंगला. छबूमावशींनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मग माशाने शेपटी मारली आणि गेला.

"गेला," मावशी म्हणाल्या. "गेला गं." आणि पदराने डोळे पुसले.

खाली रविराजने लिहिलं होतं, "काकू, काटा दाबलेले गळच पायजे असतात या लोकांना. विकत घेऊन स्वतः पकडीने दाबत बसतात. तुमाला कसं सुचलं?"

मी उत्तर पाठवलं, "ते आमच्या गटाचं धोरण आहे." हे वाचून सुरेखा फस्सकन हसली. मी तिच्याकडे पाहिलं तशी तिने हसू गिळलं आणि साखराबाईंच्या पलीकडे जाऊन बसली.

१२ ऑक्टोबर, दसरा

ऑर्डर पक्की! मे महिन्यापर्यंत, दर महिन्याला चारशे नग. म्हणजे चौघींचं काम. साखराबाई, छबूमावशी, मी आणि चौथी कोणीतरी.

सोनं द्यायला सुरेखाच्या घरी गेले. मनात होतं की सांगावं. दारात प्रविण आणि पप्पू मुकादम बोलत उभे होते. सुरेखा आत होती. मी आपट्याची पानं प्रविणच्याच हातात दिली, म्हटलं, "ऑर्डर आली आहे, गटाच्या माहितीसाठी सांगितलं," आणि परत आले. यापेक्षा वाईट कोणी कोणाला निमंत्रण दिलं नसेल. हे मला वाटेत कळलं, पण मागे वळले नाही.

२४ ऑक्टोबर

साखराबाईंकडून कळलं की प्रविण त्याच्या मावसभावाला जोडीला विचारतोय. भाऊ हो म्हणाला की नाही ते साखराबाईंना नीट ऐकू आलं नाही. कोणत्या कानाकडे सुरेखा बसली होती, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तूच जाऊन इचार की. चाळीस पावलं हाय घर."

चाळीस नाहीत. एकतीस आहेत.

३० ऑक्टोबर

फराळाचं ताट सायलीच्या हाती पाठवलं. परत आलेल्या ताटात सुरेखाच्या शंकरपाळ्या. तिच्या नेहमी कडक होतात. सगळ्या खाल्ल्या.

८ नोव्हेंबर

आज गाड्या गेल्या.

सकाळी सहालाच ट्रकचा भोंगा वाजला. भांडी, गाठोडी, पत्रे, कोंबड्या चढवायचा गलका सुरू झाला. दरवर्षी मी जाऊन उभी राहते, एखाद्या पोराच्या हातात काहीतरी देते. आज गेले नाही. ऑर्डरचं काम होतं. ओट्यावर बसून बांधायला घेतलं. हे म्हणाले, "जाऊन बघ तरी." मी म्हटलं, "मला वेळ नाही." हे स्वतः गेले आणि परत येऊन सरळ गिरणी चालू केली. दळण कोणाचंच नव्हतं.

मी मान खाली घालून बांधत राहिले. ट्रक निघाला, वळणावर गियर बदलला, मग आवाज शिरूरच्या रस्त्याला लागून संपला. गल्लीत एक कुत्रं भुंकून थांबलं. सात दारं. मी वर पाहिलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. समोर सावली पडली.

"सरक की जरा. सगळा ओटा अडवून बसलीस."

सुरेखा. हातात तिची रंगाची वाटी आणि पाट.

मी म्हटलं, "उशीर का केला?"

"प्रविणला अन् त्याच्या भावाला भाकरी बांधून दिल्या. सायलीला शाळंला घातली. मग तू बोलवायची वाट बघितली." ती पाट टेकवून माझ्या शेजारी बसली. साखराबाई अजून आल्या नव्हत्या, त्यामुळे पलीकडे बसायला कोणी नव्हतंच. "भावजी सकाळी बघून गेलते मला दारात. सांगितलं न्हाई त्यांनी?"

"नाही."

"तुला खरंच वाटलं मी गेले?"

"मला विचार करायला वेळ कुठे होता," मी म्हटलं. "कामात होते."

तिने माझ्या पुढ्यातला ढीग ओढला आणि एक झुबका उचलून उजेडात धरला. मग दुसरा. मग तिसरा. तिचा चेहरा हलायला लागला.

"ताई, यात गळ कुठाय?"

नऊ झुबके बांधून झाले होते. गाठ पक्की, पॉलिश लावलेलं, टिकल्या जागच्या जागी. गळाचा डबा माझ्या मागे होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, इथे उजेड कमी आहे, दिसलं नाही.

ऊन ओट्यावरून माझ्या मांडीपर्यंत आलं होतं. अकरा वाजले होते.